वहीला प्रश्न विचारता आला पाहिजे



या माइकसमोर मी आजवर कविता वाचल्या. आज हिशेबाच्या वहीविषयी बोलणार आहे. कवितेनं घर चालत नाही हे लवकरच कळलं, आणि पुढची वीसेक वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या. मराठी घेऊन बी. ए. झालो होतो, अक्षर बरं होतं, एवढंच भांडवल.

मी पेठचा. पुण्याहून नाशिककडे निघालात, राजगुरुनगर मागं टाकून खेडचा घाट चढलात, की वर सपाट रान लागतं. हेच आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार. पेठ, कुरवंडी, कारेगाव, भावडी अशी ही गावं. पावसाच्या भरवशावर इथं बटाटा होतो. बेणं पंजाबातून येतं. जूनमध्ये शेतकरी बेणं आणि खत उधारीवर उचलतो आणि माल निघाला की फेडतो. म्हणजे चार महिने सगळं पठार कुणाच्या ना कुणाच्या वहीत असतं. त्या वहीत चूक झाली, तर ती कागदावर राहत नाही, माणसाच्या घरात शिरते.

बेणं-खताच्या एका दुकानात मी रोजकीर्द आणि खतावणी लिहायचो. रोजकीर्द म्हणजे दिवसभराचे व्यवहार ओळीनं. खतावणी म्हणजे तेच व्यवहार माणसामाणसाच्या खात्यावर वाटलेले. मालकांनी विचारावं, "कुरवंडीची किती बाकी आहे हो?" आणि मी पानं उलटत दहा मिनिटांत सांगावं. प्रश्न विचारणारा, उत्तर शोधणारा आणि वही, तिघंही एकाच खोलीत होते.

२००४च्या सुमारास दुकानात संगणक आला. विकणाऱ्यानं सांगितलं, यात चाळीस रिपोर्ट तयार आहेत. होतेही. पण दिवाळीच्या तोंडावर मालकांनी विचारलं, "दोन हंगामांपासून ज्यांची उधारी तुंबली आहे, त्यांची गाववार यादी काढा," तेव्हा कळलं की चाळिसांत हा एक्केचाळिसावा नाही. पुण्याहून एका मुलाला बोलवावं लागलं. त्यानं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि यादी खडखडत बाहेर आली. मालकांच्या सांगण्यावरून ती मी दुकानाच्या फळ्यावर लिहिली. अक्षर माझं चांगलं ना!

दुसऱ्या दिवशी पठारावरचे एक वयस्क शेतकरी आले. फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग टोपीच्या घडीतून दोन पावत्या काढून माझ्यापुढं ठेवल्या आणि हळूच म्हणाले, "भाई, पैसं तर म्या तुमच्याच हातात दिल्यात."

खरंच दिले होते. पावतीवर सही माझी होती. झालं होतं असं, की उधारी लिहिली तेव्हा त्यांचं नाव साधं लिहिलं गेलं. पैसे भरायला आले तेव्हा मी आदरानं नावापुढं 'राव' लावलं. संगणकाच्या लेखी ही दोन माणसं झाली. एकाच्या नावावर नुसती उधारी, दुसऱ्याच्या नावावर नुसती जमा. त्या मुलानं घातलेली अट होती, ज्यांच्याकडून येणं आहे तेवढीच खाती दाखव. त्यामुळं जादा जमा असलेलं 'राव' खातं यादीत आलंच नाही. आलं असतं तर दोन सारखी नावं एकाखाली एक दिसली असती आणि माझ्या लक्षात आलं असतं. मी आदरानं लावलेल्या दोन अक्षरांनी एका सरळ माणसाला चारचौघांत थकबाकीदार केलं.

मी फळा पुसला. दोन्ही खाती एक केली, उतारा छापून त्यांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो मला वाचायला लावला, ऐकून घेतला, चहा दिला. पण पुढच्या हंगामात ते बेणं घ्यायला आमच्या दुकानी आले नाहीत.

तेव्हापासून मी या गोष्टीचा नाद घेतला. संगणकात 'डेटाबेस' म्हणतात तो म्हणजे रकाने आखलेल्या, एकमेकींशी जोडलेल्या अनेक वह्या. त्यांना विचारलेला प्रश्न म्हणजे 'क्वेरी' आणि उत्तराचा नीट मांडलेला कागद म्हणजे 'रिपोर्ट'. वह्या अशा जोडायची कल्पना आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड या संशोधकानं १९७० साली मांडली. १९७४मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी प्रश्न विचारण्याची एक भाषा तयार केली. तीच आजची एसक्यूएल. गंमत अशी, की ती संगणकतज्ज्ञ नसलेल्या माणसांसाठी होती. हिशेबनीस, अभियंते यांनी आपापले प्रश्न आपणच विचारावेत, हा हेतू. पण झाली ती तज्ज्ञांचीच भाषा. साधारण त्याच काळात मोशे झ्लूफ यांनी वेगळी वाट काढली. पडद्यावर रिकामा तक्ता दाखवायचा आणि हवं ते उदाहरण त्या रकान्यात भरायचं. गावाच्या रकान्यात 'कुरवंडी' लिहिलं की कुरवंडीची खाती समोर. पुढं १९९२ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्येही असाच तक्ता मांडून विचारायची सोय आली.

म्हणजे सामान्य माणसाला विचारता यावं, ही धडपड अर्ध्या शतकाची आहे. आपल्या महाराष्ट्रातही तिचा एक मोठा प्रयोग झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यातल्या ७० गावांत १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून गावोगाव संगणक बसवले. जगाची माहिती शेतकऱ्याच्या दारात येणार होती. प्रत्यक्षात शेतकरी तिथं जाऊन विचारायचा ते मोजकंच. माझा ऊस किती टन भरला? खताचे किती कापले? मग मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी तिथं एक साधी गोष्ट करून पाहिली. गावातल्या संगणकाचं काम त्यांनी मोबाइलच्या एसएमएसवर आणलं. सात गावांत आठ महिने चाचणी झाली आणि २००७मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. जुन्या व्यवस्थेची सगळी कामं एसएमएसवर झाली, खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही तीच जास्त आवडली.

मला या प्रयोगात मोबाइलचं कौतुक कमी वाटतं. त्यातली शहाणपणाची गोष्ट अशी, की लोक खरोखर काय विचारतात हे आधी पाहिलं गेलं आणि मग साधन ठरलं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. साधन घेतो आणि मग त्याला काय विचारावं हे शोधत बसतो.

म्हणून दुकानदार, पतसंस्थेचे सचिव, दूध डेअरीचे चालक अशा मंडळींना माझं पहिलं सांगणं आहे. सॉफ्टवेअर बघायला जाण्याआधी एका कागदावर आपले दहा प्रश्न लिहा. तुम्ही दर आठवड्याला खरोखर विचारता तेच. विक्रेत्याला म्हणा, हे दहा प्रश्न आमच्याच वहीवर, आमच्याच माणसाकडून विचारून दाखवा. त्याच्या नमुन्याच्या माहितीवर सगळंच गोड चालतं. तुमच्या कारकुनाला अर्ध्या तासाच्या शिकवणीनंतर त्यातले सहा-सात तरी एकट्यानं जमले पाहिजेत. शिवाय एक अकरावा प्रश्न तिथल्या तिथं सुचवा. तयार रिपोर्ट किती आहेत यापेक्षा नवा प्रश्न विचारायला कुणाला फोन करावा लागतो, हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट नावांची. जुन्या मराठी फाँटमध्ये अक्षरं वरून मराठी दिसायची, आतून मात्र इंग्रजीच्या जागा वापरायची. फाँट बदलला की नावांची रांगोळी व्हायची. सॉफ्टवेअर युनिकोड मराठीतच काम करतं ना, हे आधी पाहा. पण युनिकोडही जादू नव्हे. 'बाबुराव' ऱ्हस्व आणि 'बाबूराव' दीर्घ ही त्याच्या लेखी दोन माणसंच. माझं स्वतःचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं आहे. म्हणून प्रत्येक खात्याला क्रमांक हवा, आणि नाव दर वेळी टाइप न करता यादीतून निवडता यावं. सातबारा ऑनलाइन काढताना गट क्रमांक माहीत असला, की पान चटकन सापडतं. नावावरून शोधायला गेलात, की स्पेलिंगशी झटापट आलीच.

तिसरी गोष्ट, उत्तर कुठून आलं ते दिसलं पाहिजे. एकूण बाकीचा आकडा समोर आला की त्यावर बोट ठेवून मागच्या नोंदी उघडता याव्यात. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीत आकड्यावर एंटर दाबत गेलं, की शेवटी मूळ व्हाउचर उघडतं. ही सोय नसेल तर रिपोर्ट म्हणजे नुसती आकाशवाणी. आपण ऐकायचं, उलट विचारता येत नाही! (आकाशवाणीवर बसून हे बोलतोय, माफ करा.) आणि कागदाच्या माथ्यावर लिहिलेलं असावं की हा हिशेब कुठल्या तारखेपर्यंतचा आणि कुठल्या अटीवरचा. आमच्या त्या यादीवर 'जमा बाकीची खाती वगळली आहेत' एवढी एक ओळ असती, तर मी फळ्यावर खडू टेकवला नसता.

चौथी गोष्ट जरा तांत्रिक आहे, पण ऐका. दोन वह्या जोडून विचारताना फसगत होते. उधारीची आणि भरण्याची वही जोडून 'कुणी किती फेडले' असं विचारलं, तर सोप्या म्हणवणाऱ्या साधनांतही कित्येकदा भरण्याच्या वहीत ज्याचं नाव नाही तो यादीतूनच नाहीसा होतो. ज्यानं एक छदामही दिला नाही, तोच सर्वांत स्वच्छ! उलट एखाद्याची दोन बिलं आणि तीन भरणे असतील, तर जोडताना प्रत्येक बिल तीनदा मोजलं जातं आणि उधारी तिप्पट दिसते. म्हणून खरेदीआधी एक परीक्षा घ्या. ज्यांचा हिशेब तुम्हाला तोंडपाठ आहे अशी पाच खाती निवडा. त्यांत एक काहीच न फेडलेलं, एक हप्त्याहप्त्यानं फेडलेलं आणि एक जादा भरलेलं असू द्या. पाचही उत्तरं हातच्या हिशेबाशी जुळली तरच पुढं जा.

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात. प्रश्न विचारणाऱ्याला वही वाचता यावी, पण खोडता येऊ नये. तेवढा अधिकार वेगळा ठेवता येतो का, विचारा. आणि आपली सगळी माहिती एक्सेलसारख्या साध्या तक्त्यात केव्हाही बाहेर काढता येते का, तेही विचारा. विक्रेता उद्या दुकान बंद करील. तुमच्या वह्या त्याच्या कुलपात राहता कामा नयेत.

हे आज सांगायचं कारण आहे. देशातल्या सुमारे ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं २९ जून २०२२ रोजी मंजुरी दिली. मंजुरीच्या वेळी योजना २,५१६ कोटी रुपयांची होती. म्हणजे गावच्या सोसायटीची वहीही पडद्यावर जाते आहे. चांगलंच आहे. आता तर साध्या बोलीत प्रश्न टाकला की उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही आली आहेत. वापरावीत. पण त्या यंत्रानं तुमच्या प्रश्नाचा अर्थ काय लावला, कुठली अट घातली, हे त्यानं दाखवलं पाहिजे. 'तुंबलेली उधारी' म्हणजे एका हंगामाची की दोन, हे पठारावरच्या माणसाला न सांगता कळतं. यंत्राला कळलंच असेल असं धरून चालू नये. गोड मराठीत आलेलं चुकीचं उत्तर चुकीचंच असतं.

विचारायचा हक्क फक्त मालकाचा नसतो, हेही सांगतो. ज्याचं नाव वहीत आहे त्यालाही 'माझ्या नावावर काय लिहिलंय' हे विचारता आलं पाहिजे, आणि त्याला कळेल अशा कागदावर उत्तर मिळालं पाहिजे. टोपीच्या घडीत पावत्या जपून ठेवायची वेळ त्याच्यावर का यावी? सॉफ्टवेअर निवडताना खुर्चीवर बसणाऱ्याचा विचार आपण करतो. खिडकीच्या पलीकडं उभ्या असलेल्या माणसाचाही करावा. आणि कुठलीही यादी फळ्यावर लावण्याआधी, तीतल्या प्रत्येक माणसाला एकदा विचारावं.

मी ते विचारलं नव्हतं, म्हणून हे बोललो.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)