कैफियत आणि संगणकातील दप्तर



पांढुर्णा व सौसर या तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या होऊन २०२३ साली पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा विभागला की दप्तरही विभागावे लागते, आणि दप्तर हलविताना गहाळ होण्याचे भय असते ते कडेच्या नोंदीचे.

खसऱ्यातील कैफियतीचा रकाना शेतकऱ्यास चांगला ठाऊक आहे. संत्र्याची बाग कोणाच्या नावे आहे, हे इतर रकाने सांगतात. तिच्यावर बोजा किंवा मनाई हुकूम आहे काय, हे कैफियत सांगते.

संगणकातील फाइलीसही असा रकाना जोडता येतो. त्यास विस्तारित गुणधर्म म्हणतात. तो केवढा असावा हे फाइल-प्रणाली, म्हणजे तबकडीवर दप्तर लावण्याची पद्धत, ठरविते. लिनक्समध्ये एका नोंदीची कमाल मर्यादा ६४ किलोबाइट आहे. परंतु सर्रास वापरात असलेल्या एक्स्ट-४ पद्धतीत एरवी एका फाइलीच्या साऱ्या नोंदींना मिळून साधारणतः ४ किलोबाइटच जागा मिळते.

येथे मराठीची अडचण उभी राहते. यूटीएफ-८ मांडणीत इंग्रजी अक्षरास १ बाइट, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. काना, वेलांटी, अनुस्वार हीही स्वतंत्र चिन्हेच. ‘सौसर’ला १२ बाइट, ‘पांढुर्णा’ला २७! चार किलोबाइटांत जेमतेम तेराशे चिन्हे मावतात. वारसांची नावे लिहिता लिहिताच ती संपावयाची.

एक्स्ट-४ मध्ये २०१७ पासून मोठ्या नोंदींची सोय झाली आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. एक्सएफएस पद्धत प्रत्येक नोंदीस पूर्ण ६४ किलोबाइट देते, म्हणजे एकवीस हजारांवर चिन्हे. मोठ्या कैफियतींसाठी तीच बरी. तिचा विभाग मागाहून वाढविता येतो, सहसा आखडता मात्र येत नाही. तबकडी आखतानाच हे ध्यानी घ्यावे.

खरा धोका पेनड्राइव्हचा आहे. त्यावरील फॅट पद्धतीत हा रकानाच नसतो. फाइल पोहोचते, कैफियत मागे राहते, आणि पुष्कळदा संगणक त्याची सूचनाही देत नाही. अशी प्रत पाहून बाग विकत घेणाऱ्यास बोजा कळावा कसा? यास्तव दप्तर हलविण्यापूर्वी एका फाइलीस दहा हजार चिन्हांची मराठी नोंद जोडावी, ती फाइल नव्या संगणकावर न्यावी, आणि नोंद शेवटच्या शब्दापर्यंत तेथे वाचून पाहावी.