जागा कोणाची आणि खुर्च्या कोणाच्या?

(गणेशोत्सवात समितीच्या मांडवात दिलेले व्याख्यान)



गणेशोत्सवातले व्याख्यान म्हटले की लोकमान्य टिळक किंवा शिवचरित्र अशी अपेक्षा असते. मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनियर, त्या विषयांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. समितीने विषय विचारला तेव्हा मी जागेच्या भांडणाचा विषय सांगितला. का, ते आपण सगळे जाणता. मंडपाच्या बांबूंसाठी खणलेले खड्डे आणि त्याच मैदानावर खेळणारी मुले, यावरून गेले काही महिने आपल्या हुडकोत कुरबूर चालू आहे. समिती आपली आणि क्लबही आपलाच. बाप वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन फिरतो आणि मुलगा क्लबाकडून भांडतो, अशी घरे या मांडवातच पाच-सहा निघतील.

आपले भांडण बाजूला ठेवून आधी मुंबईचे सांगतो. तिथे एकाच जागेवरून हेच भांडण दोनदा झाले.

मुंबईत पूर्वी क्रिकेट समाजवार चालत असे. पारशी, मुस्लिम आणि हिंदू समाजांच्या जिमखान्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रकिनाऱ्यावर, आजच्या मरीन ड्राइव्हवर, सरकारकडून शेजारी शेजारी जागा मिळाल्या. हिंदू जिमखाना १८९४ चा. या समाजांच्या संघांत आणि युरोपियनांत दरवर्षी सामने होत आणि सारी मुंबई ते बघायला लोटत असे.

पुढे १९३३ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, म्हणजे सीसीआय, स्थापन झाला. त्याने बॅकबे भागात समुद्रात भराव घालून केलेली सुमारे ९०,००० चौरस यार्ड जमीन सरकारकडून घेतली आणि स्टेडियम बांधले. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचे नाव त्याला दिले. १९३७ मध्ये ते खुले झाले आणि समाजांचे सामने तिथे भरवायचे ठरले. त्या वर्षी 'इतर' म्हणून पाचवा संघ आला, त्यामुळे स्पर्धेला पंचरंगी म्हणू लागले. आणि पहिल्याच वर्षी हिंदू जिमखान्याने अंग काढून घेतले! कारण काय, तर नव्या स्टेडियममध्ये आपल्या सभासदांसाठी मिळणाऱ्या जागा अपुऱ्या आहेत. मैदान, खेळपट्टी, पंच यांबद्दल तक्रार नव्हती. भांडण खुर्च्यांचे होते.

आज हे क्षुल्लक वाटेल. पण तेव्हा टीव्ही नव्हता, जाहिरातींचे करार नव्हते. सामन्याचे उत्पन्न म्हणजे तिकीट, आणि संस्थेने आपल्या सभासदाला द्यायची गोष्ट म्हणजे बसायला जागा. खुर्ची ज्याच्या हातात, त्याच्या हातात संस्था. हिंदूंविना त्या वर्षीची स्पर्धा मुस्लिम संघाने जिंकली. दुसऱ्या वर्षी हिंदू परत आले. ते आले हे बरेच झाले, नाहीतर १९४३ च्या अंतिम सामन्यात एकीकडे विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० आणि दुसरीकडे 'इतर' संघाच्या आपल्या विजय हजारे यांच्या ३०९ धावा, हा योग कुठून आला असता? (हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती. म्हणून ते 'इतर'.)

पंचरंगी सामने १९४६ मध्ये बंद पडले. समाजवार क्रिकेट गेले ते चांगलेच झाले, पण खुर्च्यांचा प्रश्न जागेवरच राहिला. १९४८ पासून ब्रेबॉर्नवर कसोटी सामने होऊ लागले. सामना मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनचा, स्टेडियम सीसीआयचे. असोसिएशनच्या मागे शेकडो छोटे क्लब, ज्यांची पोरे मैदानांवर घाम गाळून मोठी होत. त्यांना तिकिटे हवीत. सीसीआयच्या मागे त्यांचे सभासद, ज्यांच्या वर्गणीवर क्लब उभा. त्यांना आपल्याच घरात मागच्या रांगेत कोण बसवणार? दर कसोटीला तीच ओढाताण, तेच पत्रव्यवहार.

१९७० नंतर ते विकोपाला गेले. सीसीआयच्या बाजूला विजय मर्चंट, म्हणजे १९३७ मध्ये ज्यांच्या जिमखान्याने माघार घेतली होती तेच मर्चंट. असोसिएशनच्या बाजूला बॅरिस्टर शेषराव वानखेडे. नागपूरचे माजी महापौर, १९७२ पासून विधानसभेचे अध्यक्ष. त्यांनी वेगळे स्टेडियम बांधायचे ठरवले आणि साधारण वर्षभरात ते उभे केले. वास्तुविशारद शशी प्रभू. जागा चर्चगेट आणि मरीन लाइन्स स्टेशनांच्या मध्ये, पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून. रुळाशेजारी एवढे बांधकाम वर्षभरात, हे मला तरी धावांपेक्षा मोठे वाटते. जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केले.

आपल्याकडे नागपूरची मंडळी ही गोष्ट 'आपल्या माणसाने मुंबईच्या शेटांना कसे दाखवले' अशा थाटात सांगतात. मलाही ऐकायला आवडते. पण पूर्ण पटत नाही. सीसीआयने स्वतःच्या पैशाने घर बांधले होते, त्यात आपल्या सभासदाला आधी जागा देणे हा अन्याय नव्हे. आणि ज्या क्लबांमुळे खेळ चालतो त्यांनी बसायला जागा मागणे हाही हट्ट नव्हे. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणून तर भांडण मिटेना. असोसिएशनला हक्काचे घर मिळाले हे खरे. पण फेब्रुवारी १९७३ नंतर ब्रेबॉर्नवर कसोटी झाली ती थेट डिसेंबर २००९ मध्ये, तीही वानखेडेची पुनर्बांधणी चालू होती म्हणून! सेहवागने तिथे २९३ केले. उत्तम हिरवळ, सुंदर पॅव्हेलियन, आणि जवळजवळ ३७ वर्षे कसोटी नाही.

मुंबईला हे परवडले, कारण हाकेच्या अंतरावर दुसरी जागा होती आणि ती मिळवून देणारा माणूस विधानसभेत बसला होता. आपल्याकडे दुसरे मैदान नाही.

रेल्वेत आमच्याकडे हा वाद रोज असतो. रूळ एक. ट्रॅफिकवाल्यांना त्यावर गाड्या चालवायच्या, आम्हाला तोच रूळ दुरुस्त करायचा. रूळ कोणाचा, असे कोणी विचारत नाही. ब्लॉक किती तासांचा, कधी सुरू, कधी संपणार, एवढेच ठरते. ते लेखी असते, त्यावर सही असते, आणि लाइन सुरक्षित करून परत दिल्याशिवाय गँग हलत नाही. आमच्यातही तोंडातोंडी होते, पण गाड्या चालतात.

तसाच एक कागद समिती आणि क्लब यांनी करावा. मंडप बांधायला मैदान कोणत्या तारखेला ताब्यात घ्यायचे, विसर्जनानंतर किती दिवसांत मोकळे करायचे, खेळपट्टीपासून किती फूट सोडून बांबू रोवायचे, खड्डे कोणी बुजवायचे, रोलर कोणी फिरवायचा आणि खर्च कोणत्या खात्यातून. पुढच्या रांगेच्या खुर्च्यांचेही त्यात लिहा, कारण क्लबच्या मुलांना बक्षीस समारंभात मागे उभे राहावे लागते ही त्यांची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. मसुदा मी करून आणला आहे, दीड पानाचा. आरतीनंतर दोन्हीकडच्या सचिवांनी तो वाचावा आणि जिथे पटत नाही तिथे पेन्सिलने खूण करावी.