दाब किती, आणि कशात?

(रौप्य महोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आभार-सत्कार झाले, म्हणून मी दाबाबद्दल बोलतो. वसुलीच्या दाबाबद्दल नाही, तो बँकेतच सोडून आलो. हा हवेचा, पाण्याचा आणि रक्ताचा दाब.

मागच्या हिवाळ्यात शेजारची सूनबाई दारात आली. "काकाजी, बाबूजींचं मशीन बिघडलं. दोन दिवस झाले, चोवीस आणि चौदा दाखवते." मुलाने परदेशातून पाठवलेलं बीपीचं मशीन. बाबूजी चक्कर येते म्हणून पडून होते आणि मशीन कपाटात. मी चष्मा लावून पाहिलं, तर कोपऱ्यात बारीक अक्षरात किलोपास्कल! आपले डॉक्टर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये बोलतात. किलोपास्कलला साडेसातने गुणायचं. चोवीस साडेसाते एकशे ऐंशी, चौदा साडेसाते एकशे पाच. मशीन ठीक होतं, बाबूजीच ठीक नव्हते. लगेच रिक्षा बोलावली. आज ते पहिल्या रांगेत बसलेत, आणि हे सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे. ही साडेसाती मात्र लक्षात ठेवा.

बँकेत रकमेपुढे चलन लिहिलेलं नसलं तर मी व्हाउचर परत करायचो. दाबाचंही तसंच. पंपावर हवा भरताना आपण "बत्तीस" म्हणतो, म्हणजे बत्तीस पीएसआय, चौरस इंचावर बत्तीस पौंड. तोच आकडा गाडीच्या दारावरच्या पट्टीवर 220 किलोपास्कल असतो आणि काही मशीनवर 2.2 बार. एक बार म्हणजे 100 किलोपास्कल किंवा साडेचौदा पीएसआय. चौरस सेंटीमीटरला एक किलो म्हणजे चौदाच्या थोडं वर. घरगुती वापराला बार आणि किलो एकच धरा, फरक दोन टक्क्यांचा. (व्याजात मी दोन टक्के सोडले नसते, ते वेगळं.)

आता आपल्या टाकीचं. चौथ्या मजल्यावर नवीन शॉवर बसवला, धार येईना. प्लंबर बदलले, वादावादी झाली, आणि गच्चीवरची टाकी दुप्पट मोठी करायचा ठराव सभेपुढे आला. तेव्हा मी शॉवरचं माहितीपत्रक मागवलं. त्यात लिहिलं होतं, किमान एक बार. एक बार म्हणजे साधारण दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ. टाकीतलं पाणी त्या शॉवरच्या जेमतेम तीन मीटर वर. मिळणार 0.3 बार! तळमजल्याला आणखी बारा मीटर उतार मिळतो, म्हणून तिथे दीड बार. दाब ठरतो तो उंचीवर, टाकी किती लिटरची यावर नाही. हजार लिटर असो की दहा हजार, पाण्याची पातळी तेवढीच तर दाबही तेवढाच. पास्कलने हे सतराव्या शतकात सांगितलं होतं, आपल्याला मात्र तीन सभा लागल्या. ठराव मागे घेतला, आणि वरच्या मजल्याच्या लाईनला छोटा पंप लागला. वाद करणारे दोघे आता एकत्र फिरायला जातात, म्हणजे बाप्पा, कमालच झाली.

पाण्यापेक्षा पारा 13.6 पट जड. म्हणून 120 चं बीपी म्हणजे सुमारे 1.6 मीटर पाण्याचा दाब, एवढ्या जोराने हृदय रक्त ढकलतं. गॅसच्या रेग्युलेटरमधून शेगडीला मिळतो तो फक्त 30 मिलिबारच्या आसपास, म्हणजे एक फूट पाणी. आणि कुकरची शिट्टी वाजते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक किलो जास्त. त्यामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं आणि तूरडाळ लवकर शिजते. शिट्ट्या किती, हा प्रश्न मला विचारू नका. आमच्या घरी त्यावर मला मताधिकार नाही.

हे आकडे एका कागदावर लिहून मीटर रूमच्या दारामागे चिकटवले आहेत. बाबूजींच्या मशीनचं सेटिंग आम्ही पाऱ्यावर आणलंय. सकाळी त्यांचं रीडिंग 134 आणि 82 होतं.