फॉलआउटच्या आडवाटा: तीन गोष्टी लाडक्या, तीन डोक्यात गेलेल्या

(या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागे घरघर ऐकू येत असेल तर ती ट्रकची आहे. आमच्या पिंपळगाव रेणुकाईत सध्या हिरव्या मिरचीचा सीझन आहे. बाजार भरला की रात्री उशिरापर्यंत गाड्या भरणं चालतं. त्यामुळे आवाज सहन करा.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता: फॉलआउट. २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर सिरीज आली, तेव्हापासून मेसेज येतायत की दादा, गेमबद्दल बोल. पण मुख्य कथेवर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. म्हणून मी आज बोलणार आहे साइड क्वेस्टवर. माझ्या तीन आवडत्या आणि तीन नावडत्या. शेवट सगळे फुटणार आहेत, तेव्हा ज्यांना स्वतः खेळायचंय त्यांनी इथेच थांबा आणि नंतर या.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत. फॉलआउटच्या जगात २३ ऑक्टोबर २०७७ ला अणुयुद्ध होतं आणि सगळं बेचिराख होतं. काही लोक जमिनीखालच्या 'व्हॉल्ट'मध्ये वाचतात, काही वर तगतात, काही किरणोत्साराने सडून 'घूल' बनतात. आपण त्यानंतर दोनशे वर्षांनी त्या उजाड मुलखात फिरत असतो.

आणि साइड क्वेस्ट म्हणजे? तुम्ही भोकरदनला बँकेच्या कामाला निघालात. रस्त्यात एक ओळखीचा म्हणतो, अरे जरा ही पिशवी तेवढी आमच्या पाहुण्यांकडे दे. पाहुण्यांकडे गेलात तर तिथे भावाभावांचं भांडण चालू. तुम्ही मध्ये पडलात. संध्याकाळ झाली, बँक बंद. बँकेचं काम म्हणजे मुख्य क्वेस्ट आणि ते भांडण म्हणजे साइड क्वेस्ट. महिन्याभराने तुम्हाला काय आठवतं? भांडणच ना?

एक गंमत आधी सांगतो. २००८ मध्ये फॉलआउट ३ जगभर आला, पण मायक्रोसॉफ्टने तो भारतात आणायचा नाही असं ठरवलं. कारण दिलं 'सांस्कृतिक संवेदनशीलता'. नेमकं कशामुळे, ते कंपनीने उघड केलं नाही. लोकांनी अंदाज बांधला तो गायींवरून. या गेममध्ये किरणोत्सारामुळे दोन डोक्यांच्या झालेल्या गायी आहेत, ओझी वाहतात, आणि त्यांचं नाव आहे 'ब्राह्मिन'. आता तुम्हीच काय ते समजून घ्या.

आवडती, क्रमांक तीन: 'कम फ्लाय विथ मी'

ही फॉलआउट: न्यू वेगासमधली. २०१० चा गेम, ऑब्सिडियन स्टुडिओने बनवलेला. नोव्हॅक नावाच्या छोट्या गावाजवळ जुना रॉकेटचा कारखाना आहे. तिथे घूल लोकांचा एक पंथ राहतो. त्यांचा गुरू जेसन ब्राइट सांगतो की आपल्याला रॉकेटमध्ये बसून दूरच्या पवित्र देशी जायचंय. वेडेपणाच वाटतो. पण त्या पंथात ख्रिस नावाचा एक माणूस आहे, जो सगळी तांत्रिक कामं करतो. तो घूल नाहीच! धडधाकट माणूस आहे. पण डोक्यावरचे केस गेलेत म्हणून त्याला वाटतं की आपण घूल झालो. तो एका व्हॉल्टमध्ये अणुभट्टीजवळ काम करायचा. तो व्हॉल्ट होता ३४ नंबरचा. हा आकडा लक्षात ठेवा, आपण पुन्हा तिकडे जाणार आहोत.

रॉकेट उडवायला मदत करायची, की बिघाड करून सगळ्यांना मारायचं, हे तुमच्या हातात. मी मदत केली. रॉकेटं वर गेली. ती कुठे पोचली, पोचली का, हे गेम सांगत नाही. पण ज्यांच्या राबण्याने ती उडाली तो ख्रिस खालीच राहिला. ते मला लागलं.

आवडती, क्रमांक दोन: 'द व्हाइट वॉश'

ही पण न्यू वेगासमधलीच. इथे एक सरकार आहे, एनसीआर. दिल्लीवालं एनसीआर नव्हे, न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक. त्यांनी शहराला लागून शेतकरी आणून बसवलेत. कसायला जमीन द्यायची आणि पिकातला मोठा वाटा सरकारने घ्यायचा. या शेतांना नळाने पाणी येतं, पण ते कमी पडू लागलंय. तपासाला गेलेला कॉर्पोरल व्हाइट नावाचा शिपाई गायब झालाय. लेफ्टनंट बॉइड तुम्हाला सांगते, त्याला शोधा.

शोधता शोधता कळतं की पाणी वळवलं जातंय. कुठे? वेस्टसाइड नावाच्या गरीब वस्तीत. तिथल्या लोकांनी मिळून शेती केलीय, त्यावर वस्ती जगते. हे वळवण्यामागे अँडरसन नावाचा एक भला माणूस आहे, दवापाणी करणाऱ्या सेवाभावी संस्थेतला. व्हाइटला हे कळलं आणि अँडरसनने व्हाइटला मारलं.

आता काय करायचं? बॉइडला सगळं खरं सांगितलं तर वस्तीचं पाणी तुटतं. एखाद्या गुंड टोळीवर खोटा आळ घातला तर पाणी चालू, पण खुनी मोकळा. तिसरी वाट म्हणजे अँडरसनला बोलून पटवायचं की तू स्वतः हजर हो, सगळं स्वतःवर घे, म्हणजे वस्तीवर आच येणार नाही.

मी हे खेळत होतो तेव्हा माझा चुलत भाऊ शेजारी बसला होता, बारावीतला. मी तिसरी वाट घेतली आणि खूश झालो. तो म्हणाला, "दादा, पण त्या शेतकऱ्यांचं पाणी कमीच राहिलं ना? त्यांच्याकडून तर कुणी बोललंच नाही."

बरोबर होतं त्याचं. आपण खून कुणी केला, वस्ती कशी वाचवू, यात गुंततो आणि ज्याच्या रानात पाणी येत नाही म्हणून ही गोष्ट सुरू झाली तो शेतकरीच बाजूला पडतो. हे त्याच्या लगेच लक्षात आलं, कारण आमची विहीर तीन घरांत आहे. पाण्याची पाळी ठरलेली. रात्रीची लाईट कुणाच्या वाट्याला आणि दिवसाची कुणाच्या, यावरून घरात काय काय होतं ते आम्ही लहानपणापासून बघतोय. उन्हाळ्यात लावलेल्या मिरचीला ठिबकने का होईना पण पाणी द्यावंच लागतं. एक पाळी चुकली तर फुलगळ. तिथे भला माणूस कोण आणि वाईट कोण, हे ठरवता येत नाही. प्रत्येकाचं रान खरंच सुकत असतं.

जरा मोठं बघा. नाशिक-नगरच्या धरणांमधून जायकवाडीत किती पाणी सोडायचं, यावर दुष्काळी वर्षात दर वेळी वाद पेटतो. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असं सूत्र आहे. २०२३ मध्ये असंच सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. वरचे लोक म्हणतात आमचा ऊस, आमच्या बागा. खालचे म्हणतात आमचं पिण्याचं पाणी. आमच्या भोकरदन तालुक्यात तर जायकवाडीचा कालवा येतच नाही, आमचा भरवसा विहिरीवर आणि पावसावर. तरी त्या बातम्या आमच्याकडे क्रिकेटसारख्या ऐकल्या जातात. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. ते कुठल्या गेमच्या कथेत असतं तर आपण म्हणालो असतो, काय भारी कल्पना आहे!

गेमवाल्यांनीही हे हवेतून आणलेलं नाही. त्यातलं हूवर धरण आणि मीड सरोवर खरोखर आहेत. कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपाचा करार १९२२ चा, सात राज्यांमधला, आणि त्यावरून आजही ओढाताण चालू आहे. २०२२ मध्ये मीड सरोवर भरल्यापासूनच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेलं होतं.

आवडती, क्रमांक एक: 'हार्ड लक ब्लूज'

तीच शेतं. पाणी कमी आहेच, आणि आता कळतं की जमिनीखालच्या पाण्यात किरणोत्सार मिसळतोय. उगम कुठे? व्हॉल्ट ३४. आपल्या ख्रिसचा.

आत गेलात की सगळीकडे पिसाळलेले घूल, बुडालेल्या खोल्या, आणि किरणोत्साराचा काटा चढतच असतो. हे घूल म्हणजे कधीकाळी तिथे राहणारे लोकच. शेवटी अणुभट्टीच्या खोलीत पोचता. तिथे संगणकावर निरोप येतो: आत अजून काही माणसं अडकलीत, जिवंत आहेत, आम्हाला बाहेर काढा.

दोनच बटणं. एक दाबलं तर गळती थांबते, शेतं वाचतात, पण अडकलेली माणसं मरतात. दुसरं दाबलं तर माणसं बाहेर पडतात आणि विष शेतात जातच राहतं. इथे गोड बोलून पटवायची तिसरी वाट नाही. तुमचं वक्तृत्व शंभर असलं तरी पाण्याला पटवता येत नाही.

मी माणसं वाचवली, कारण ती त्या क्षणी माझ्याशी बोलत होती. बाहेर आलो आणि शेतांकडे गेलो नाही. बराच वेळ टाळलं. गेमने मला एक शब्द ऐकवला नाही, पण नकाशावर ती शेतं दिसायची आणि मी दुसऱ्या रस्त्याने जायचो.

आता नावडत्या.

क्रमांक तीन: 'किड इन अ फ्रिज'. २०१५ चा फॉलआउट ४. एका जुन्या फ्रिजमध्ये घूल झालेला मुलगा अडकलाय, युद्धाच्या दिवसापासून! म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त. अन्न नाही, पाणी नाही. बाहेर काढलं की नीट बोलतो आणि आई-बाबांकडे ने म्हणतो. आई-बाबाही जवळच, तेही घूल. अरे, ज्या जगात पाण्याच्या बाटलीसाठी माणसं मरतात, तिथे दोनशे वर्षं तहानच लागत नाही? मग बाकीच्यांच्या तहानेवर मी विश्वास कसा ठेवू?

क्रमांक दोन: फॉलआउट ४ मधला प्रेस्टन गार्वी. माणूस चांगला, पण एक वस्ती वाचवून आलात की लगेच दुसऱ्या वस्तीला मदत हवी. तीही वाचवली की तिसरी. हे संपतच नाही, कारण गेम ती कामं आपोआप तयार करतो. तिथल्या लोकांना चेहरा नाही, त्यांच्या अडचणीला कारण नाही. गोळ्या घाला, परत या. आपल्याकडे मदत जाहीर होते, फोटो निघतात आणि पुढच्या वर्षी तेच गाव तिथेच असतं, तसंच काहीसं.

क्रमांक एक: 'टेनपेनी टॉवर'. फॉलआउट ३. एका मनोऱ्यात श्रीमंत माणसं राहतात, घूलना आत घेत नाहीत. रॉय फिलिप्स हा घूल म्हणतो, आम्हाला पण राहू द्या. तुम्ही मेहनतीने समेट घडवता, घूल आत राहायला येतात. वाटतं, जिंकलो. काही दिवसांनी परत जाता तर रॉयने माणसं मारून टाकलेली.

शेवट कडू आहे म्हणून मला राग नाही. कडू शेवट मला चालतात, वर सांगितलंच. राग हिशोबाचा आहे. या गेममध्ये तुमच्या प्रत्येक कृतीला 'कर्मा'चे गुण मिळतात. शब्द आपला, हिशोब त्यांचा. आणि एवढं करूनही रॉयला मारलं की पाप तुमच्याच खात्यात. रॉयने केलेलं हत्याकांड ते खातं बघतच नाही.

त्याच गेममध्ये मेगाटन गावाच्या फाटकाबाहेर एक तहानलेला भिकारी बसलेला असतो. त्याला शुद्ध पाण्याची बाटली दिली की पुण्य वाढतं. परत दिली, परत वाढतं. म्हणजे सकाळी दरोडा टाका, संध्याकाळी चार बाटल्या वाटा, खातं साफ. तो माणूस बिचारा तिथेच, तसाच तहानलेला. त्याला पाणी मिळावं ही कथेची गरजच नाही. तुम्हाला गुण मिळावेत एवढ्यासाठी तो बसवलाय.

न्यू वेगासमध्येही कर्मा आहे, पण खरं वजन आहे ते लौकिकाला. प्रत्येक गावाचं, प्रत्येक टोळीचं तुमच्याबद्दल वेगळं मत. एका वस्तीत तुम्ही देव, दुसऱ्या वस्तीत चोर. हे मला पटतं, कारण गावात असंच असतं. वरच्या आळीत विचारा, खालच्या आळीत विचारा, एकाच माणसाबद्दल दोन उत्तरं येतील, आणि दोन्ही खरी असतील.

कुणी म्हणेल, गेम आहे रे, मजा घे, एवढा विचार कशाला? मजाच घेतोय. पण ज्या गोष्टीने मला लगेच शाबासकी दिली ती मी दुसऱ्या दिवशी विसरलो. जिने शाबासकी दिली नाही आणि रागावलीही नाही, ती अजून डोक्यात आहे. चांगल्या साइड क्वेस्टची माझी व्याख्या एवढीच: माझ्या निर्णयाची किंमत जो मोजतो तो मला कुठेतरी दिसला पाहिजे. बाटलीवाला भिकारी मला दिसतो, पण माझ्या निर्णयाने त्याचं काही बनतही नाही, बिघडतही नाही. त्या शेतकऱ्यांचं बिघडतं.

खेळायचं असेल तर न्यू वेगासपासून सुरुवात करा. जुना गेम आहे, दोन जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही चालतो. सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळतो. लॅपटॉप नसेल तर यूट्यूबवर कुणाचं तरी खेळणं बघा, पण व्हॉल्ट ३४ च्या त्या खोलीत आल्यावर व्हिडिओ थांबवा आणि आधी तुमचं उत्तर ठरवा.

ते उत्तर मला व्हॉइस नोटवर पाठवा. आतली माणसं, की बाहेरची शेतं? फक्त बटण सांगू नका, कारण पण सांगा. आणि घरी कुणी शेती करणारं असेल तर त्यांनाही विचारा. मी माझ्या आजीला विचारलं. तिला गेम, व्हॉल्ट, घूल काही कळलं नाही. तिने एवढंच विचारलं, "शेतावरच्या लोकांना आधी सांगितलं होतं का कुणी?"

गेममध्ये ते बटण नाहीये. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.