समुद्रातले तेल आणि होडीतले डिझेल

(चिखले, ता. डहाणू येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



इंधनाचे भाव चढले की दिल्लीकडून एक उत्तर हमखास ऐकू येते. देशाला लागणाऱ्या तेलापैकी फार थोडे तेल देशात निघते, उरलेले परदेशातून आणावे लागते, तेव्हा महागाई अटळ आहे. देशी उत्पादन वाढले की भाव आपोआप आटोक्यात येतील. हे उत्तर वरकरणी बिनतोड वाटते. २०२३-२४ साली देशाने गरजेच्या सुमारे ८८ टक्के कच्चे तेल आयात केले, हे खरेच आहे. परंतु उत्पादनाचा प्रश्न आणि भावाचा प्रश्न हे दोन निरनिराळे प्रश्न असून त्यांची गल्लत करण्यात सत्ताधाऱ्यांची सोय आहे.

हा फरक समजून घेण्यासाठी चिखले गावच्या किनाऱ्यासारखी दुसरी जागा नाही. याच अरबी समुद्रात, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागरसम्राट’ या जहाजाला मुंबई हायचे तेल लागले. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. हे यश आकाशातून पडले नव्हते. केशवदेव मालवीय यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला, सोव्हिएत तंत्रज्ञांचे साहाय्य मिळाले आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल सापडले. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल या परदेशी कंपन्यांचा येथील व्यवसाय राष्ट्राच्या मालकीचा झाला. १९८० च्या दशकाच्या मध्यास देशाच्या गरजेचा सुमारे दोन तृतीयांश भाग देशातीलच तेलाने भागत होता.

तथापि त्या काळात सामान्य ग्राहकाला जो दिलासा मिळाला तो केवळ तेल निघाल्यामुळे मिळाला नाही. देशी तेलाला काय भाव द्यायचा हे सरकार उत्पादनखर्च पाहून ठरवीत असे. एप्रिल २००२ मध्ये ही व्यवस्था मोडण्यात आली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे व ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले. जून २०१७ पासून ते रोजच्या रोज बदलण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. परिणामी मुंबई हायच्या विहिरीतून आलेले पिंप आणि इराणच्या आखातातून आलेले पिंप हिशेबात सारखेच ठरले. देशात तेल कितीही निघो, भाव जगाच्या बाजाराचाच राहणार. खर्च आणि भाव यांमधील वरकड कोणाच्या हाती जाते, हाच मग खरा प्रश्न उरतो.

बरे, जगाचा भाव उतरला तर तो लाभ तरी जनतेच्या पदरी पडतो काय? एप्रिल २०२० मध्ये कच्चे तेल पिंपामागे २० डॉलरच्याही खाली घसरले. पुढच्याच महिन्यात केंद्राने डिझेलवर लीटरमागे १३ रुपयांचा कर वाढवला. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर डिझेलवरील केंद्राच्या ३१ रुपये ८० पैशांपैकी राज्यांशी वाटून घ्यावयाची रक्कम अवघी १ रुपया ८० पैसे होती. उरलेले ३० रुपये उपकर व अधिभार या नावांखाली केंद्राकडेच राहिले. पुढे नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मध्ये हा कर कमी करण्यात आला. पण एप्रिल २०२५ मध्ये जगाचा भाव घसरताच तो लीटरमागे २ रुपयांनी पुन्हा वाढला. भाव चढला की बाजाराचा नियम, उतरला की सरकारचा कर, असा हा एकतर्फी न्याय आहे. मूल्यवर्धित कर शेकडेवारीने आकारून चढत्या भावाबरोबर आपलाही गल्ला भरणारी राज्य सरकारे या दोषातून मुक्त नाहीत.

या धोरणाचा भार चिखले, नरपड, झाई या किनाऱ्यावर मोजता येतो. मच्छीमाराने आधी पूर्ण भावाने डिझेल घ्यायचे आणि राज्याच्या कराचा परतावा मागाहून, सरकारी तिजोरीच्या सवडीने मिळवायचा. मधल्या काळातील कर्ज व्यापाऱ्याकडून येते, म्हणून मासळीचा भावही व्यापारीच ठरवतो. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांचे डिझेल लीटरमागे सुमारे २५ रुपयांनी महागले, तेव्हा सहकारी संस्थांमार्फत डिझेल घेणारा मच्छीमार बड्या कारखान्यांच्या पंक्तीत बसवला गेला. घोलवड-बोर्डीच्या चिकूचे ट्रकभाडे आणि तलासरीहून वापीच्या कारखान्यात रोजंदारीला जाणाऱ्या आदिवासीचे जीपभाडे याच साखळीत येते.

आणि ज्या समुद्रातून तेल निघते त्या समुद्राच्या काठाला काय मिळते? जमिनीवरील तेलाचे स्वामित्वधन राज्याला मिळते; आसामला ते मिळत आले आहे. संविधानाच्या २९७ व्या अनुच्छेदानुसार समुद्रतळाची संपत्ती मात्र केंद्राची, म्हणून मुंबई हायचे स्वामित्वधन सर्वस्वी केंद्राचे. खाणीच्या जिल्ह्यांसाठी २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. तेलासाठी तशी तरतूद नाही. तेलफलाटांभोवतीच्या ५०० मीटरच्या सुरक्षाक्षेत्रात जाळे टाकायला बंदी, सर्वेक्षणाच्या काळात जाळी काढून घ्यायची, आणि भरपाईसाठी खेटे घालायचे, हा किनाऱ्याचा वाटा.

देशी उत्पादन वाढू नये, असा याचा अर्थ नाही. ते वाढलेच पाहिजे, कारण परकीय चलन आणि परराष्ट्रधोरणाचे स्वातंत्र्य त्यावर अवलंबून आहे. पण २०११-१२ मध्ये सुमारे ३.८ कोटी टन असलेले उत्पादन २०२३-२४ मध्ये २.९ कोटी टनांवर का आले? क्षेत्रे जुनी झाली, हे एक कारण. दुसरे कारण धोरणाचे आहे. सार्वजनिक क्षेत्राने शोधलेली पन्ना-मुक्ता आणि ताप्ती ही क्षेत्रे १९९४ मध्ये रिलायन्स व एन्रॉन यांच्या भागीदारीत दिली गेली. जानेवारी २०१८ मध्ये निर्गुंतवणुकीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाला हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारी भाग ३६,९१५ कोटी रुपयांना विकत घ्यायला लावले. संशोधनाला लागणारा पैसा असा सरकारी तूट झाकण्यात गेल्यावर विहिरी आटल्या म्हणून रडण्यात काय अर्थ?

सर्वांना सरसकट स्वस्त इंधन द्या, ही मागणी समाजवादी नव्हे. तिचा मोठा लाभ खाजगी मोटारवाल्यास होईल, आणि हवामानाचे संकटही नजरेआड करता येणार नाही. डॉ. लोहियांच्या दाम-नीतीचे सूत्र किंमत आणि उत्पादनखर्च यांचे नाते समाजाने ठरवावे, हे होते. त्या सूत्रानुसार मागण्या चार आहेत: मच्छीमाराला करमुक्त डिझेल पंपावरच मिळावे, परताव्याने नव्हे, उपकर व अधिभार राज्यांच्या वाट्यात यावेत, समुद्री तेलाच्या स्वामित्वधनातील ठराविक हिस्सा किनारी गावांना मिळावा, आणि महामंडळाचे वरकड शोधकार्यासाठी व पर्यायी ऊर्जेसाठी राखून ठेवावे.

१९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा घराघरातील हिशेब हेच त्यांचे हत्यार होते. कार्यकर्त्यांनी तेच करावे. येत्या हंगामात प्रत्येक होडीमागे किती डिझेल लागले, किती भाव पडला, परतावा केव्हा व किती मिळाला, याची नोंद गावोगाव करावी आणि ती सहकारी संस्थेच्या सभेत व तहसील कचेरीवर मांडावी. आकडे हाती असलेल्या माणसाला अटळतेचे उत्तर देऊन परत पाठवणे कठीण असते.