गच्चीवरील शीतयंत्र किती टनांचें घ्यावें?

मुंबईंतील आमच्या वाचनालयाच्या दालनासाठीं गच्चीवर शीतयंत्र बसवावयाचें ठरलें, तेव्हां ‘घ्यावयाचें तर मोठेंच घ्या’ असा आग्रह मींच धरला. तो आम्हांस भोंवला.

यंत्राचा ‘टन’ म्हणजे त्याचें वजन नव्हे. २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषितो, तितकी काढून टाकण्याची ती शक्ति. सुमारें साडेतीन किलोवॅट. आमचें यंत्र दालन झटकन् गार करी व थांबे. परंतु हवेंतील दमटपणा निघावयास यंत्र बराच वेळ चालावें लागतें. परिणामीं वाचक कुडकुडत, आणि पावसाळ्यांत पुस्तकांना बुरशी!

तेव्हां हिशेब आधीं करावा. स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारें १०० वॅट उष्णता टाकतो; तींत दिवे, पश्चिमेच्या खिडक्या, तापलेलें छत आणि बाहेरून घ्यावयाची ताजी हवा यांची भर घालावी. (छतास पांढरा रंग दिल्यास हा आंकडाच घटतो, तें स्वस्त काम आम्हांस मागाहून सुचलें.) हिवाळ्यांत ऊब देणारी जोड दिल्लीस हवी, मुंबईस नको. गच्चीला भार पेलेल कीं नाहीं, हें इंजिनियरास विचारावें.

पुढें आम्हीं लहान, गरजेप्रमाणें वेग कमीजास्त करणारें यंत्र घेतलें. जुनें अर्ध्या किंमतीसही कोणी घेईना.