भार कामाचा आणि भार नाइलाजाचा

ज्याच्यावर मोठी जबाबदारी, त्याचं हृदय आधी थकणार, असं आपण धरून चालतो. लंडनमधल्या सरकारी नोकरांची पाहणी 1967 साली सुरू झाली आणि चित्र उलटंच दिसलं. वरिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा शिपायांसारख्या सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू तिपटीहून अधिक होते. कोणी म्हणेल, ते लोक सिगारेटी जास्त ओढत असतील. ओढत होतेच. पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबात धरल्यावरही बराचसा फरक उरला. पुढे 1985 पासून मायकेल मार्मट यांच्या गटाने दुसरी पाहणी केली. तीत स्त्रियाही होत्या. आपलं काम कसं करायचं हे ठरवण्याची ज्यांना फारशी मुभा नव्हती, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. म्हणून मला वाटतं, काम किती आहे एवढंच पाहून भागत नाही. त्यातलं किती आपल्या हातात आहे, हेही विचारायला हवं.

असा ताण शरीरात काय करतो? संकट आलं की शरीर अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं. नाडी वाढते, रक्तातली साखर वाढते. प्रसंग टळला की सगळं पूर्वपदावर येतं, आणि त्यात काही बिघडत नाही. प्रसंग टळतच नाही तेव्हा मात्र झोप उडते, रक्तदाब चढा राहू लागतो, प्रतिकारशक्ती मंदावते. अमेरिकेत 1995 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बघा. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या 13 बायका आणि त्यांच्याच वयाच्या, ही जबाबदारी नसलेल्या 13 बायका. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं वर्षानुवर्षं करणारी बाई आपल्याकडे घरोघरी आहे. तिला ‘जास्त विचार करू नकोस’ असं सांगून काय होणार?

डॉक्टर सगळंच ताणावर ढकलतात, ही तक्रारही रास्त आहे. पोटातल्या अल्सरचं खापर कित्येक वर्षं ताणावर आणि तिखटावर फोडलं गेलं. त्यामागे बहुतेकदा एक जिवाणू असतो हे मार्शल आणि वॉरन या संशोधकांनी दाखवलं, आणि 2005 साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणून छातीत दुखून घाम फुटला, हातात कळ गेली, तर ‘टेन्शन असेल’ म्हणत घरी थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा. रक्तदाब वाढलेला असेल तर त्याची गोळी ताण कमी होईपर्यंत लांबवू नका.

आणि घरच्यांनो, उपदेशापेक्षा वाटणी करा. संध्याकाळचे दोन तास आजारी माणसापाशी कोण बसणार, हे वार लावून ठरवा. त्या वेळात शुश्रूषा करणाऱ्या बाईने काय करायचं, ते तिचं तिला ठरवू द्या; झोपली तरी चालेल. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, रात्रंदिवस सुरू असतो, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.